डिस्कवरील विभागतक्ता : वाचन, नक्कल व दुरुस्ती

उदगीरचा किल्ला आहे त्याच जागी उभा आहे. परंतु 1956 पर्यंत उदगीर, अहमदपूर आणि निलंगा हे तालुके हैदराबाद राज्याच्या बीदर जिल्ह्यात मोडत असत. 1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्यांची पुनर्रचना झाली आणि ते मुंबई राज्याच्या उस्मानाबाद जिल्ह्यात आले. पुढे ऑगस्ट 1982 मध्ये लातूर जिल्हा वेगळा निघाला, तेव्हा ते लातूरकडे गेले. नांदेडकडेही तसेच घडले. किनवट तालुका आदिलाबाद जिल्ह्यातून नांदेडात आला, आणि देगलूर तालुक्यातील बिचकुंदा व जुक्कल ही मंडळे आंध्रकडे गेली. आज ती तेलंगणात आहेत. या सर्व उलाढालीत वीतभर जमीनही जागची हलली नाही. हलली ती दप्तरातील नोंद. मात्र नोंद हलताच सारा कोणत्या कचेरीत भरावयाचा, खटला कोणत्या कोर्टात चालावयाचा, शाळेची तपासणी कोणी करावयाची, हे सर्व बदलून गेले.

संगणकाच्या डिस्कवर नेमकी हीच व्यवस्था असते. डिस्क म्हणजे एक सलग शिवार होय. त्याचे तुकडे पाडून एकात संगणकाची कार्यप्रणाली, दुसऱ्यात शाळेची कागदपत्रे अशी वाटणी केलेली असते. प्रत्येक तुकडा कोठे सुरू होतो आणि किती लांब आहे, याची नोंद डिस्कच्या अगदी आरंभी एका लहानशा तक्त्यात असते. बोलण्यात या तुकड्यांना पार्टिशन व त्या तक्त्याला पार्टिशन टेबल म्हणतात. या पाठात त्यांना अनुक्रमे विभाग व विभागतक्ता असे म्हटले आहे. तक्ता पुसला गेला तरी जमीन शिल्लक असते, परंतु कोणाची कोठवर ते सांगता येत नाही. संगणक अशा डिस्कला सरळ रिकामी समजतो.

हा विषय प्राथमिक शिक्षकापुढे येण्याचे कारण साधे आहे. शाळांतील पुष्कळ संगणक जुने झाले आहेत. विंडोज 7 ला मिळणारा कंपनीचा आधार 14 जानेवारी 2020 रोजी थांबला आणि विंडोज 10 चा 14 ऑक्टोबर 2025 रोजी. नवी आवृत्ती पेलण्याची शक्ती जुन्या यंत्रांत नसते. लिनक्स मात्र त्यांवर बऱ्यापैकी चालते आणि त्यास मूल्य पडत नाही. सी-डॅक या सरकारी संस्थेने 2007 साली बॉस या नावाने भारतीय भाषांसाठी लिनक्सची एक आवृत्ती काढली. तीत मराठीही आहे. तेव्हा एखाद्या हौशी शिक्षकाने जुन्या संगणकावर लिनक्स बसवावयाचे ठरविले तर त्यात गैर काही नाही. पण बसविताना एका पानावर यंत्र विचारते की डिस्कची वाटणी कशी करावयाची. तेथे 'संपूर्ण डिस्क पुसा' असाही एक पर्याय असतो, आणि घाईत बहुधा त्यावरच बोट पडते.

त्या डिस्कवर काय असते याचा विचार करावा. शिष्यवृत्तीचे अर्ज, पोषण आहाराचे हिशेब, निकालपत्रके, स्नेहसंमेलनाची छायाचित्रे. आणि कित्येक ठिकाणी प्रवेश निर्गम नोंदवहीच्या जीर्ण पानांची छायाचित्रेही. या शेवटच्या वस्तूची किंमत मराठवाड्यात वेगळी सांगावयास नको. 2023 साली निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि जुन्या दप्तरांचा शोध सुरू झाला, तेव्हा शाळांच्या नोंदवह्याही चाळल्या गेल्या. आजोबांच्या नावापुढील एका शब्दासाठी माणसे गावोगाव फिरली. कागदाला वाळवी लागली असेल तर छायाचित्र हाच आधार उरतो, आणि ते छायाचित्र एका क्षणात दिसेनासे करण्याची सोय विभागतक्त्यात आहे.

तक्त्याचे स्वरूप

डिस्कवरील जागा सेक्टर नावाच्या समान चौकटींत मोजतात. एका सेक्टरमध्ये परंपरेने 512 बाइट मावतात; एक बाइट म्हणजे साधारणपणे रोमन लिपीतील एका अक्षराची जागा. विभागतक्त्याची जुनी पद्धत 1983 साली आयबीएम कंपनीच्या वैयक्तिक संगणकाबरोबर रूढ झाली. तिला एमबीआर म्हणतात. तीत सर्व काही पहिल्याच सेक्टरमध्ये असते. आरंभीचे 446 बाइट संगणक सुरू करणाऱ्या लहानशा कार्यक्रमासाठी, नंतरचे 64 बाइट तक्त्यासाठी, आणि शेवटचे 2 बाइट शिक्क्यासाठी. हा शिक्का म्हणजे ठरलेले दोन आकडे होत. ते जागेवर नसतील तर संगणक तक्ता मानीतच नाही. सहीशिक्क्याविना सातबाराची नक्कल कचेरीत चालत नाही, तसेच हे.

64 बाइटांत 16 बाइटांच्या चार ओळी बसतात. म्हणून या पद्धतीत मुख्य विभाग चारच असू शकतात; अधिक हवे असल्यास चारांपैकी एकास 'विस्तारित' ठरवून त्याच्या पोटात आणखी विभाग पाडतात. प्रत्येक ओळीत मुख्यतः तीन गोष्टी असतात : विभाग कोणत्या सेक्टरपासून सुरू होतो, किती सेक्टर लांब आहे, आणि तो कोणत्या जातीचा आहे. जात एका क्रमांकाने दाखवितात. लिनक्सचा साधा विभाग 83, त्याचा अदलाबदलीसाठी राखलेला विभाग 82, विंडोजचा नेहमीचा विभाग 7. विभागाचे नाव, त्यातील फाइलींची यादी, मालकाचा पत्ता, यांपैकी काहीही या तक्त्यात नसते. ते सर्व ज्या त्या विभागाच्या आत असते. तक्ता फक्त धुरा कोठे आहे एवढेच सांगतो.

सेक्टरचा क्रमांक लिहावयास या ओळीत चार बाइट मिळतात. त्यामुळे 512 बाइटांच्या सेक्टरांनी मोजल्यास सुमारे 2 टेराबाइटपलीकडील जमीन या तक्त्यात लिहिताच येत नाही. ही अडचण व चार विभागांची मर्यादा दूर करण्यासाठी जीपीटी ही नवी पद्धत आली. तीत साधारणपणे 128 विभागांची सोय असते. याहूनही महत्त्वाचे असे की, जीपीटीचा तक्ता दोन ठिकाणी लिहिलेला असतो : एक डिस्कच्या आरंभी व एक शेवटी. शिवाय तक्त्यात कोणी एक आकडा जरी बदलला तरी ओळखता यावे म्हणून त्याची पडताळणी-संख्याही नोंदविलेली असते. आरंभीची प्रत बिघडली तर लिनक्स शेवटची प्रत वापरण्याची तयारी दाखविते. एका घरातील दप्तर जळाले तर दुसऱ्या घरातून नक्कल काढावी असाच हा प्रकार आहे. एमबीआरला असे दुसरे घर नाही, आणि शाळांतील जुन्या यंत्रांत बहुधा एमबीआरच आढळते. म्हणून दुसरे घर शिक्षकानेच करावयाचे.

प्रथम वाचन

पुढील आज्ञा लिनक्सच्या टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टंकित करावयाच्या खिडकीत, द्यावयाच्या आहेत. येथे त्या उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत; टंकन रोमन लिपीत व लहान अक्षरांत करावे. मोठे अक्षर हवे असेल तेथे तसे सांगितले आहे.

पहिली आज्ञा एलएसबीएलके. ही केवळ पाहणारी आज्ञा असून तिच्याने काहीही बिघडत नाही. तिचे उत्तर एका यादीच्या रूपाने येते. संगणकाला जोडलेली प्रत्येक डिस्क, तिच्याखाली फांद्यांसारखे तिचे विभाग, प्रत्येकाचा आकार, आणि तो सध्या वापरात आहे काय. पहिली डिस्क बहुधा एसडीए असते, दुसरी एसडीबी. एसडीए 1 म्हणजे पहिल्या डिस्कचा पहिला विभाग. नव्या यंत्रांतील डिस्कचे नाव एनव्हीएमई या अक्षरांनी सुरू होते.

येथे थोडे थांबणे अगत्याचे आहे. ही नावे कायमची नसतात. संगणक बंद करून पुन्हा सुरू केला, मध्ये पेनड्राईव्ह लावला किंवा काढला, तर काल जी एसडीबी होती ती आज एसडीसी असू शकते. मागील आठवड्यात वहीत लिहून ठेवलेले नाव आज तसेच टंकणे म्हणजे गट क्रमांक न पाहता शेजाऱ्याच्या रानात नांगर घालणे. प्रत्येक वेळी आकारावरून डिस्क ओळखावी : 500 गिगाबाइटची ती संगणकातील, 16 ची ती हातातील पेनड्राईव्ह. दोन्ही सारख्या आकाराच्या असतील तर एक काढून आज्ञा पुन्हा द्यावी. जी यादीतून नाहीशी झाली ती कोणती हे आपोआप कळते. पद्धत गावंढळ वाटली तरी खात्रीची आहे.

16 गिगाबाइटची पेनड्राईव्ह यादीत 14.9 दिसते, यावरून दुकानदाराने फसविले असा समज करून घेऊ नये. कारखानदार हजाराच्या पटीने मोजतो आणि ही आज्ञा 1024 च्या पटीने. सोळा अब्ज बाइटांना 1024 ने तीनदा भागून पाहावे. सातवीच्या मुलांनाही हा भागाकार देता येईल.

दुसरी आज्ञा सुडो एफडिस्क, नंतर एक जागा सोडून आडवी रेघ व एल. सुडो म्हणजे अधिकाराने केलेले काम. त्यासाठी परवलीचा शब्द विचारला जातो. या आज्ञेने तक्त्यातील ओळी आकड्यांसह दिसतात. 'डॉस' असे उत्तर आले तर तक्ता एमबीआर पद्धतीचा, 'जीपीटी' आले तर नव्या पद्धतीचा. पहिला विभाग बहुधा 2048 व्या सेक्टरपासून सुरू झालेला दिसेल. आरंभीची तेवढी जागा, म्हणजे एक मेगाबाइट, मोकळी सोडण्याची आता रीत आहे.

सरावासाठी कागदी शिवार

शाळेच्या डिस्कवर हात बसविणे योग्य नव्हे. सुदैवाने लिनक्समध्ये एखाद्या साध्या फाइललाच डिस्क समजून सर्व सराव करता येतो. बिघडले तर फाइल खोडावी, दुसरी करावी. त्यासाठी अधिकाराचीही गरज नसते, म्हणून या सरावात सुडो हा शब्द कोठेही टंकू नये. चुकून भलत्या डिस्कचे नाव टंकले गेले तरी यंत्र नकार देईल.

प्रथम फाइल करावी. आज्ञा ट्रंकेट (टी, आर, यू, एन, सी, ए, टी, ई), जागा, आडवी रेघ व एस, जागा, 1 व मोठा जी, जागा, आणि फाइलचे नाव 'सराव' रोमन अक्षरांत. एक गिगाबाइटची कोरी डिस्क तयार झाली. नंतर एफडिस्क, जागा, सराव. आता एफडिस्क एकेका अक्षराची वाट पाहत बसते. ओ टंकून नवा एमबीआर तक्ता करावा. जीपीटी हवा असल्यास जी. एन टंकावे म्हणजे नवा विभाग. मुख्य विभाग असावा म्हणून पी, क्रमांक 1, आरंभ विचारल्यावर काही न टंकता एंटर, आणि शेवट विचारल्यावर अधिकचे चिन्ह, 300 व मोठा एम. पुन्हा एन, पी, 2, आणि दोन्ही प्रश्नांना एंटर. उरलेली सर्व जागा दुसऱ्या विभागास मिळते. मग पी टंकून तक्ता पाहावा.

आकडे असे येतील. पहिला विभाग 2048 पासून 616447 पर्यंत, एकूण 614400 सेक्टर. दुसरा 616448 पासून 2097151 पर्यंत. शिक्षकाने हे आकडे नुसते पाहू नयेत, पडताळून घ्यावेत. 300 मेगाबाइट म्हणजे 300 गुणिले 2048 सेक्टर, म्हणजे 614400. आरंभात ते मिळवून एक वजा केला की शेवट येतो. पहिल्याचा शेवट व दुसऱ्याचा आरंभ यांत एकाचाच फरक असावा. तो कमी निघाला तर एकाने दुसऱ्याचा धुरा कोरला आहे असे समजावे. एफडिस्क सहसा तसे होऊ देत नाही, परंतु हिशेब स्वतः जमणे चांगले.

आतापर्यंत फाइलवर काहीही लिहिले गेलेले नाही, हा एफडिस्कचा मोठा गुण आहे. सर्व बदल ती मनात धरून ठेवते. डब्ल्यू टंकला की ते डिस्कवर उतरतात. क्यू टंकला तर सर्व सोडून ती बाहेर पडते. म्हणून खऱ्या डिस्कवर काम करताना मनात किंचितही किंतु आला तर क्यू टंकून उठावे. याच कामासाठी पार्टेड नावाची दुसरी आज्ञा आहे. ती बदल तत्काळ लिहिते, विचार करावयास वाव ठेवीत नाही. आरंभी तिच्या वाटेस न जाणे बरे.

सरावात डब्ल्यू टंकून तक्ता लिहून टाकावा. आता नक्कल. आज्ञा एसएफडिस्क, जागा, आडवी रेघ व डी, जागा, सराव, नंतर उजवीकडे टोक असलेले बाणासारखे चिन्ह, आणि नक्कल ठेवावयाच्या फाइलचे नाव. ही नक्कल उघडून पाहिली तर साधा मजकूर आढळतो : तक्त्याची पद्धत, त्याचा ओळखक्रमांक, आणि प्रत्येक विभागाचा आरंभ, लांबी व जात. जेमतेम दहा ओळी होतात.

नंतर मुद्दाम नाश करावा. पुन्हा एफडिस्क सराव, ओ, डब्ल्यू. तक्ता कोरा झाला. पी टंकल्यास विभाग एकही दिसणार नाही. आणि मग एसएफडिस्क, जागा, सराव, डावीकडे टोक असलेले चिन्ह, नकलेच्या फाइलचे नाव. तक्ता होता तसा परत येतो. चिन्हाची दिशा मात्र डोळ्यांत तेल घालून पाहावी. उजवे टोक फाइलीत लिहिते, डावे टोक फाइलीतून वाचते. दिशा चुकली तर नक्कलच पुसली जाईल. हा खेळ निदान पाच वेळा करावा. एकदा नाश आणि पुनःप्राप्ती स्वतःच्या हातांनी घडविली म्हणजे भीतीही जाते आणि बेफिकिरीही.

खऱ्या डिस्कवरील प्रसंग

असे समजावे की, मुखेड तालुक्यातील एखाद्या शाळेत कोणी चुकून एक विभाग तक्त्यातून काढून टाकला व डब्ल्यूही टंकले. कागदपत्रांचा विभाग दिसेनासा झाला. अशा वेळी माणसाचा पहिला हात नव्याने फॉरमॅट करण्याकडे जातो, आणि खरा घात तेथेच होतो. तक्त्यातील ओळ पुसल्याने जमिनीवरील पीक जळत नाही. फॉरमॅट करणे म्हणजे मात्र उभ्या पिकात नांगर घालणे होय. म्हणून प्रथम काहीही करू नये. डिस्कवर नवी फाइल ठेवू नये, शक्य असेल तर संगणक बंद करून पेनड्राईव्हवरील लिनक्सवरून सुरू करावा. नक्कल असेल तर ती परत लिहावी. नक्कल नसेल पण आरंभ व शेवट यांचे आकडे वहीत असतील, तर त्याच आकड्यांनी एफडिस्कमध्ये विभाग पुन्हा करावा.

अशा रीतीने विभाग पुन्हा करताना एफडिस्क एक प्रश्न विचारते. या विभागात जुन्या फाइल-व्यवस्थेची खूण सापडली आहे, ती काढून टाकू काय? यास उत्तर 'नाही' असेच द्यावयाचे. प्रश्न अगदी सभ्यपणे येतो, पण 'होय' म्हटले तर जे वाचवावयाचे तेच ओळखू येईनासे होते. वस्तुतः ही खूण सापडणे हीच आनंदाची वार्ता आहे. आकडे बरोबर आहेत याचा तो पुरावा होय.

नक्कलही नाही आणि आकडेही नाहीत, अशी स्थिती असेल तर टेस्टडिस्क हा कार्यक्रम उपयोगी पडतो. तो साऱ्या डिस्कवरून फिरून विभागांच्या खुणा हुडकतो व तक्ता नव्याने सुचवितो. मोजणीदाराने पुरलेले दगड उकरून हद्द ठरवावी तसे हे आहे. बहुधा साधते, पण वेळ लागतो. नव्या प्रकारच्या एसएसडी डिस्कवर फॉरमॅट झाले असेल तर आशा फार धरू नये; तेथे फॉरमॅट करतानाच जुनी जागा मोकळी झाल्याचे डिस्कला कळविले जाते आणि मग हुडकावयास काही उरत नाही.

दुसरा प्रसंग अधिक वेळा घडणारा व निरुपद्रवी आहे. पेनड्राईव्हवर लिनक्स बसविण्याची प्रतिमा उतरविली, काम झाले, आणि आता 16 गिगाबाइटच्या पेनड्राईव्हमध्ये तीन-चारच दिसतात. पेनड्राईव्ह बिघडली म्हणून ती फेकून देणारेही आहेत. वास्तविक त्या प्रतिमेबरोबर तिचा स्वतःचा विभागतक्ताही येतो व तो लहान शिवाराचा असतो. एलएसबीएलके देऊन डिस्क ओळखावी, ती वापरात असल्यास यूमाउंट आज्ञेने सोडवावी (या आज्ञेत यू नंतर एन हे अक्षर नाही), सुडो वाइपएफएस, आडवी रेघ व ए, आणि त्या डिस्कचे पूर्ण नाव देऊन जुन्या खुणा काढाव्यात. मग एफडिस्कने ओ, एन, सर्व प्रश्नांना एंटर, जात बदलण्यासाठी टी व सी, आणि डब्ल्यू. शेवटी फॉरमॅट. येथे पुसावयाचेच आहे म्हणून पुसणे योग्य. फक्त नाव तीनदा वाचावे. डिस्कचे पूर्ण नाव म्हणजे तिरपी रेघ, डेव्ह, तिरपी रेघ, एसडीबी. बीच्या जागी ए पडला तर शाळेचा संगणक गेला.

तिसरा प्रसंग विंडोज राखून शेजारी लिनक्स बसविण्याचा. येथे विभाग आखूड करावा लागतो आणि क्रमाला फार महत्त्व आहे. आखूड करताना आधी आतील फाइल-व्यवस्था आवरून घ्यावयाची व मग धुरा अलीकडे आणावयाचा. वाढविताना आधी धुरा पलीकडे न्यावयाचा व मग आतील व्यवस्था पसरावयाची. उलट केले तर पेरलेल्या पिकातून बांध जातो. विंडोजचा विभाग विंडोजमधूनच आखूड करणे सर्वांत निर्धोक. हे काम चालू असताना वीज जाणे धोक्याचे असते, आणि विजेचा भरवसा खेड्यांत किती धरावा हे शिक्षकांना ठाऊक आहे. लॅपटॉप असेल तर पूर्ण भारित करून, मोठा संगणक असेल तर यूपीएसवर, आणि भारनियमनाची वेळ टाळून हे काम हाती घ्यावे.

कधी डब्ल्यू टंकल्यावर असे उत्तर येते की डिस्क वापरात आहे, म्हणून जुनाच तक्ता चालू राहील. यात घाबरण्यासारखे काही नाही. नोंद दप्तरात झाली आहे, पण चावडीवरील माणूस अजून जुन्या नकाशावरून काम करीत आहे. संगणक बंद करून सुरू केला म्हणजे नवा तक्ता लागू होतो. तोपर्यंत मात्र त्या डिस्कवर काही लिहू नये.

नक्कल कोठे ठेवावी हा प्रश्न उरतो. ज्या डिस्कची नक्कल ती त्याच डिस्कवर ठेवणे व्यर्थ आहे. कुलपाची किल्ली पेटीत टाकून पेटी लावण्यासारखे ते होईल. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी परिसरात घरे कोसळली, तेव्हा घरातील कपाटांत जपून ठेवलेले कागदही घराबरोबरच ढिगाऱ्याखाली गेले. नक्कल दुसऱ्या इमारतीत असावी. एक प्रत पेनड्राईव्हवर मुख्याध्यापकांकडे, एक प्रत केंद्रशाळेत. आणि मजकूर दहाच ओळींचा असल्याने तो कागदावर छापून डेडस्टॉक रजिस्टरमध्ये, संगणकाची नोंद असलेल्या पानाला चिकटवावा. खाली दिनांक व तक्ता बदलणाऱ्याची सही घ्यावी. बदलीच्या वेळी पदभार देताना तो कागद नव्या शिक्षकाच्या हाती आपोआप पडतो. येथे हेही ध्यानात ठेवावे की तक्त्याची नक्कल म्हणजे कागदपत्रांची नक्कल नव्हे. सातबारा जपल्याने धान्य जपले जात नाही. नोंदवहीच्या छायाचित्रांची वेगळी प्रत वेगळ्या डिस्कवर असलीच पाहिजे.

वर्गातील पाठ

सहावी-सातवीच्या मुलांना संगणक न लावताच हा पाठ देता येतो. चौकटीच्या वहीतील सोळा घरांची एक पट्टी कापावी. पहिले घर रंगवून ठेवावे; ते तक्त्याचे घर. दुसऱ्या घरापासून लातूर जिल्ह्यातील चार तालुक्यांची नावे एका घरात एक अक्षर याप्रमाणे, मध्ये जागा न सोडता लिहावीत : औ, सा, नि, लं, गा, दे, व, णी, ज, ळ, को, ट. शेवटची तीन घरे रिकामी. वेगळ्या चिठ्ठीवर तक्ता लिहावा. पहिले नाव घर 2 पासून, लांबी 2. दुसरे 4 पासून, लांबी 3. तिसरे 7 पासून, लांबी 3. चौथे 10 पासून, लांबी 4.

एका गटाला दुसऱ्या जिल्ह्याच्या अपरिचित गावांची अशीच पट्टी चिठ्ठीशिवाय द्यावी व नावे वेगळी करावयास सांगावे. मुले अंदाज करतील, वाद घालतील, काही नावे चुकतील. मग चिठ्ठी द्यावी. त्यानंतर लातूरच्या पट्टीची चिठ्ठी मुद्दाम बिघडवावी : दुसऱ्या नावाचा आरंभ 4 ऐवजी 5 व तिसऱ्याचा 7 ऐवजी 8. लांबी तीच. मुले वाचतील 'लंगादे' आणि 'वणीज', आणि वर्ग हसेल. पट्टीवरील एकही अक्षर बदललेले नाही हे त्यांच्याच तोंडून वदवून घ्यावे, आणि चूक पट्टीत आहे की चिठ्ठीत, हे शोधून चिठ्ठी दुरुस्त करण्याचे काम मागच्या बाकावरील मुलाकडे द्यावे.